हाताला साजेल तेच शस्त्र

शिरूर तालुक्यातील केंदूर या गावाहून एका वाचकाचे पत्र आले आहे. संत कान्हूराज महाराजांचे हे केंदूर पाबळच्या शेजारी, तालुक्याच्या कोरडवाहू पट्ट्यात वसलेले आहे. पत्रलेखक शेतकरी आहेत. त्यांची सतरा वर्षांची कन्या शिक्षणासाठी पुण्यात नातेवाइकांकडे राहते. एन.सी.सी.मध्ये तिच्या हाती प्रथम रायफल आली, पुढे एका क्लबात ती एअर पिस्तूल चालवू लागली, आणि आता पंचवीस मीटरच्या स्पर्धेत उतरण्याची तिची इच्छा आहे. त्यासाठी अर्धस्वयंचलित पिस्तूल हवे. विक्रेत्याने सांगितले की, सर्वांत महाग ते घ्या, म्हणजे पुन्हा काळजी नको. वडिलांनी रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा विकण्याची मनाची तयारी केली आहे. आमच्याकडून त्यांना एवढेच हवे आहे की, भरवशाचे पिस्तूल कोणते, त्याचे नाव कळवावे.

या पत्राने आम्ही सुखावलो आणि अस्वस्थही झालो. कोरडवाहू शेती करणारा बाप मुलीच्या खेळासाठी जमीन विकायला निघतो, ही आपल्या समाजात घडलेल्या मोठ्या परिवर्तनाची खूण आहे. परंतु ज्या प्रश्नावर ती जमीन जाणार, तो प्रश्नच अपुरा विचारला गेला आहे. भरवशाचे पिस्तूल कोणते, हा त्याचा अर्धा भाग झाला. कोणाच्या हातात, कशासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली, हा उरलेला अर्धा भाग. तो विचारल्याशिवाय पहिल्याचे उत्तर देणे म्हणजे पाऊल न मापता वहाण विकणे होय.

प्रथम 'कशासाठी' हे स्पष्ट करू. शिरूर, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात सध्या बंदुकीचा विषय निघाला की बोलणे बिबट्याकडे वळते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, तेव्हापासून ही भीती अधिकच गडद झाली आहे. ती भीती खरी आहे. पण स्पर्धेचे पिस्तूल हा तिच्यावरचा उपाय नव्हे. स्वसंरक्षणासाठी परवान्यावर मिळणारे आपल्या आयुध निर्माणीचे .३२ बोअरचे पिस्तूल ही वेगळी वस्तू, सैन्य व पोलिसांचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल ही तिसरी. ते तर सामान्य नागरिकाला निषिद्धच आहे. केंदूरच्या कन्येला हवे आहे ते .२२ बोअरचे, म्हणजे ५.६ मिलिमीटर व्यासाचे क्रीडा पिस्तूल. त्याचा उपयोग एकच, कागदावरील काळ्या वर्तुळाच्या मध्याचा वेध घेणे.

या पिस्तुलाला नियमांची चौकट आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमानुसार त्याचे वजन १४०० ग्रॅमपेक्षा अधिक असू नये, चापावर किमान १००० ग्रॅमचा भार असावा, आणि संपूर्ण पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावे. ते एकाच हाताने धरावयाचे. स्पर्धा साठ गोळ्यांची. पहिल्या तीस गोळ्या पाच-पाचच्या सहा फेऱ्यांत, प्रत्येक फेरीला पाच मिनिटे. पुढील तीस गोळ्यांची परीक्षा कठोर असते. हात खाली, शरीराशी पंचेचाळीस अंशांपेक्षा अधिक कोन न करता रोखून उभे राहावयाचे. इशारा होताच हात उचलून तीन सेकंदांत एक गोळी, नंतर सात सेकंदांचा विराम, पुन्हा तीन सेकंद. असे पाच वेळा केले की एक फेरी. या तीन सेकंदांत पिस्तुलाशी वाद घालायला सवड नसते. भरवसा हा शब्द येथे अर्थ धारण करतो.

अर्धस्वयंचलित म्हणजे काय, हेही पालकांनी समजून घेतले पाहिजे. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मात्र पुढची सिद्धता पिस्तूल स्वतःच करते. गोळी सुटतानाच्या दाबाने बोल्ट मागे ढकलला जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते, मारयंत्रणा पुन्हा ताणली जाते, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना बोल्ट मॅगझिनमधील नवे काडतूस नळीत बसवतो. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याआधी घडते. एअर पिस्तुलात प्रत्येक वेळी हाताने सिद्धता करावी लागते. येथे ते काम यंत्र करते. सोय जितकी अधिक, तितक्या अडण्याच्या जागाही अधिक.

त्यातील पहिली जागा काडतुसाची. .२२ काडतुसाचे प्रस्फोटक द्रव्य त्याच्या बुडाच्या कडेत पसरलेले असते. ते सर्वत्र सारखे पसरले नाही तर आघात होऊनही गोळी सुटत नाही. काडतूस अशक्त निघाले तर बोल्ट पुरेसा मागे जात नाही आणि रिकामी टोपी तोंडाशी अडकते. बुडाला बाहेर आलेली कडा असल्याने मॅगझिन भरताना एकाची कडा दुसऱ्याच्या मागे गेली, तर काडतूस वर सरकतच नाही. शिशाच्या गोळीवरील मेण आणि जळलेल्या दारूची काजळी नळीच्या तोंडाशी साचते ती वेगळीच. म्हणून जाणते नेमबाज पिस्तूल आणि काडतूस यांची जोडी जमवतात. एका पिस्तुलात जे काडतूस हजार वेळा बिनतक्रार चालते, तेच शेजारच्या पिस्तुलात दर पन्नासाला अडते. भरवसा केवळ पिस्तुलाच्या छापावर अवलंबून नसतो, तो या जोडीवर असतो, आणि जोडी जमली की नाही हे वापरूनच कळते.

दुसरी जागा आपल्या हाताची. गोळी सुटताना मनगट ढिले पडले तर अनेक अर्धस्वयंचलित पिस्तुलांचे चक्र पुरे होत नाही. दोष दिसतो यंत्रात, असतो मनगटात. येथेच 'भरवशाचे' आणि 'साजेसे' हे दोन प्रश्न एक होतात. जे पिस्तूल हाताला साजत नाही, ते कितीही नामांकित असले तरी त्या हातात भरवशाचे राहत नाही.

मग साजते की नाही हे कसे ओळखावे? त्यासाठी पैसे लागत नाहीत. रिकामे, तपासलेले पिस्तूल रेंजवर प्रशिक्षकासमोर हातात घ्यावे, लक्ष्याकडे तोंड करून उभे राहावे, डोळे मिटावेत, हात उचलावा आणि डोळे उघडावेत. पुढची माशी मागच्या खाचेत आपसूक येऊन बसली असेल, तर मूठ हाताची आहे. माशी दर वेळी एकाच बाजूला किंवा खाली दिसत असेल, तर मूठ दुसऱ्या कोणाची आहे. दुसरी परीक्षा बोटाची. तर्जनीच्या पहिल्या पेराची गादी चापावर सरळ टेकली पाहिजे, आणि बोटाचा उरलेला भाग मुठीला घासता कामा नये. चाप दूर असला तर बोट त्याला तिरके ओढते आणि गोळी बाजूला जाते. लहान हाताच्या मुलींचे गुण बहुधा येथेच गळतात, आणि दोष मात्र त्यांच्या एकाग्रतेला दिला जातो. तिसरी परीक्षा वजनाची. हातात घेतल्यावर पहिल्या क्षणी सर्वच पिस्तुले छान वाटतात. साठाव्या गोळीला खांदा काय म्हणतो, ते महत्त्वाचे. कोणाला पुढे झुकणारे पिस्तूल स्थिर वाटते, कोणाला भार मुठीत असलेले. डावखुऱ्याला मूठ डावीच हवी. प्रबळ डोळा कोणता, हेही आधी पाहावे.

मूठ ही तर लाकडाची वस्तू. नियमाने ती मनगटाला वेढा घालू शकत नाही. पण तळहाताच्या खळग्या-उंचवट्यांप्रमाणे ती तासता येते, भरता येते. इटलीचे पार्दिनी, जर्मनीचे वाल्थर व फाइनवेर्कबाउ, स्वित्झर्लंडचे मोरिनी ही पंचवीस मीटरच्या रांगेत दिसणारी नावे. या साऱ्यांच्या मुठी लहान-मोठ्या मापांत मिळतात. या नामांकित घराण्यांत उच्च-नीच ठरवण्यापेक्षा आपल्या हाताला त्यांतील कोणते जुळते, हे पाहण्यातच शहाणपण आहे. सर्वांत महाग ते सर्वांत भरवशाचे, हे विक्रेत्याचे गणित आहे, नेमबाजाचे नव्हे.

या खेळाच्या नियमावलीत एक प्रकरण आहे, जे प्रत्येक पालकाने वाचावे असे आम्हास वाटते. पिस्तूल अडले तर खेळाडूने ते लक्ष्याच्या दिशेने रोखलेलेच ठेवावयाचे आणि मोकळा हात वर करावयाचा. अधिकारी येऊन पाहतो. आघात होऊनही काडतूस सुटले नाही, गोळी नळीत अडकली, रिकामी टोपी बाहेर पडली नाही, तर तो यंत्राचा दोष; खेळाडूला त्याची भरपाई मिळते. पण मॅगझिन नीट बसवले नव्हते, काडतुसे कमी भरली होती, सुरक्षा-खटका उघडलाच नव्हता, बोटाने चाप पुरेसा पुढे येऊ दिला नाही, तर तो खेळाडूचा दोष. न सुटलेल्या गोळ्यांना शून्य. किती न्याय्य विभागणी आहे ही! यंत्राचा दोष क्षम्य, माणसाची बेफिकिरी अक्षम्य. सार्वजनिक जीवनातही हा नियम लागू झाला असता, तर अनेक चौकशी समित्यांची गरजच उरली नसती.

यंत्र दगा देते तेव्हा काय होते, हे देशाने २५ जुलै २०२१ रोजी टोकियोत पाहिले. मनू भाकर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत असताना तिच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत बहुमोल मिनिटे गेली. ५७५ गुणांसह ती बारावी आली; अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. टीकेचा पाऊस पडला. त्याच मनूने तीन वर्षांनी पॅरिसमध्ये दोन कांस्यपदके मिळवली आणि पंचवीस मीटर पिस्तुलात ती चौथी आली. यंत्र एकदा बिघडले म्हणून माणूस बिघडत नाही, हा त्यातला पहिला धडा. दुसरा धडा असा की, जगातील उत्तम पिस्तूलही बिघडू शकते. म्हणून राखीव पिस्तूल, राखीव सुटे भाग आणि ते बसवणारा कुशल कारागीर, ही तिन्ही भरवशाचीच अंगे आहेत. केंदूरच्या शेतकऱ्याने जमीन विकून पिस्तूल आणले, आणि वर्षभराने त्याची स्प्रिंग तुटली, तर ती बदलणारा माणूस त्याला कोठे भेटणार?

आणि आपल्या घरातले उदाहरण कोल्हापूरच्या राही सरनोबतचे. तेजस्विनी सावंतच्या यशाने प्रेरित होऊन ती या खेळात आली. २००८ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, तेथे तिने पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले. २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण, २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. मग पिस्तूल धरणाऱ्या हातालाच कोपराची दुखापत झाली. जिच्या खेळात सव्वा-दीड किलोचे ओझे लांबवलेल्या एका हातावर तोलायचे असते, तिच्यासाठी हा घाव किती खोल, हे सांगायला नको. राही धीराने परत आली. २२ ऑगस्ट २०१८ रोजी पालेम्बांग येथे थायलंडच्या स्पर्धकाशी ३४-३४ अशी बरोबरी झाल्यावर दोन वेळा शूट-ऑफ झाला आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला ती ठरली. त्या दिवशी तिचे पिस्तूल कोणत्या बनावटीचे होते, हे किती जणांना आठवते? हात मात्र सर्वांना आठवतो.

आता कायद्याचे बोलू; कारण केंदूरच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तेथेच आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार एकवीस वर्षांखालील व्यक्तीला अग्निशस्त्र बाळगण्याचा परवाना मिळत नाही. त्याहून लहान वयाच्या खेळाडूंना मान्यताप्राप्त व्यवस्थेत, देखरेखीखाली, सरावासाठी शस्त्र वापरण्याची सोय कायद्याने ठेवली आहे. म्हणजे सतरा वर्षांची ही मुलगी सराव करू शकते, स्पर्धेत उतरू शकते, पण.२२ पिस्तुलाची मालक होऊ शकत नाही. आणि वडिलांनी स्वतःच्या नावाने परवाना काढून पिस्तूल मुलीच्या हाती देणे, हा मार्ग वाटतो तितका सरळ नाही. तो धरू नये. तेव्हा जमीन विकण्याची घाई कशासाठी? नियतीने नव्हे, कायद्याने तिला चार वर्षे दिली आहेत. या चार वर्षांत क्लबाची पाच-सहा वेगवेगळी पिस्तुले तिने चालवावीत, आपला हात ओळखावा, प्रत्येक फेरीची आणि प्रत्येक अडथळ्याची वही ठेवावी. एकविसाव्या वर्षी कोणते घ्यावे, हे तिने विचारायला नको. तिनेच आपल्याला सांगावे.

परंतु येथेच आमचा खरा प्रश्न उभा राहतो. क्लबाची ही पाच-सहा पिस्तुले आहेत कोठे? केंदूरहून शिक्रापूर गाठावे, नगर रस्त्याने पुण्यात शिरावे आणि संपूर्ण शहर ओलांडून पश्चिमेच्या टोकाला बालेवाडी गाठावी, तेव्हा नेमबाजीचे अद्ययावत संकुल दिसते. येण्या-जाण्यात दिवसाचा मोठा भाग संपतो. ग्रामीण मुलाला गुणवत्ता दाखवण्यापूर्वीच साधनाची किंमत मोजावी लागते, आणि साधन मिळण्यापूर्वी गुणवत्ता दाखवावी लागते. हे चक्र तोडण्याची जबाबदारी एकट्या बापाच्या सातबाऱ्यावर टाकून आपण सारे टाळ्या वाजवायला मोकळे राहणार काय?

१९५२ मध्ये खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून पैसे उभे केले. गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली. खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. त्यानंतर महाराष्ट्राच्या सुपुत्राला असे पदक मिळायला बहात्तर वर्षे लागली. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफल नेमबाजीत कांस्य जिंकले. गोळेश्वर काय, कांबळवाडी काय, दोन्ही खेडीच. खेड्यात हात आहेत, डोळा आहे, धीर आहे. मात्र खर्डेकरांचे घर गहाण पडले, ही जशी त्यांच्या मोठेपणाची कथा आहे, तशीच ती व्यवस्थेच्या लहानपणाचीही आहे. बहात्तर वर्षांनंतरही कोणाचे तरी घर किंवा शेत गहाण पडावे, याचा अभिमान बाळगायचा की खेद, हे आपण ठरवावे.

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या नेमबाजी संघटनेकडे कायद्याच्या चौकटीत सामाईक शस्त्रागार असावे. त्यात एकाच बनावटीची दहा पिस्तुले नकोत. लहान, मध्यम, मोठ्या मुठीची, डावखुऱ्यांसाठीही, अशी निरनिराळी असावीत. सोबत एक प्रशिक्षित आर्मरर असावा. सहकारी साखर कारखाने, पतसंस्था आणि पुण्याभोवतीचे उद्योग यांनी सत्कार समारंभांचा खर्च थोडा आवरला, तरी हे घडेल. तालुक्याच्या गावी दहा मीटरची एअर पिस्तुलाची रेंज शाळेच्या सभागृहातही उभी राहते. प्रारंभ तेथूनच व्हायचा असतो.

आणि एक स्वदेशीचा मुद्दा. पुण्याच्या पाषाण भागात संरक्षण संशोधन संस्थेची शस्त्रास्त्र प्रयोगशाळा आहे. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी याच प्रयोगशाळेच्या साह्याने 'अस्मि' हे ९ मिलिमीटरचे मशीन पिस्तूल अवघ्या चार महिन्यांत सिद्ध केले. २०२१ च्या जानेवारीत ते देशापुढे आले. ज्या भूमीत हे होऊ शकते, तेथे आपल्या मुलींच्या हाताच्या मापाचे क्रीडा पिस्तूल का होऊ नये? निदान अक्रोडाची मूठ तरी परदेशातून यायला नको. आपल्या सुतारांच्या हातात ती कला पिढ्यान्‌पिढ्या आहे.

शेवटी, केंदूरच्या घराला एक विनंती. पिस्तूल कधी घरी आलेच, तर ते कुलपात राहील आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात. अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा सर्वांत मोठा धोका असा की, मॅगझिन काढले तरी एक काडतूस नळीत राहू शकते. रिकामे समजलेल्या शस्त्रानेच घात होतो. म्हणून मॅगझिन काढणे, बोल्ट मागे ओढणे, नळीत डोळ्यांनी पाहणे, आणि तरीही ते भरलेलेच आहे असे समजून वागणे, हा संस्कार पहिल्या दिवसापासून हवा. खंडेनवमीला आपण शस्त्राला हळद-कुंकू वाहतो, झेंडूचे फूल वाहतो. त्या पूजेच्या आदल्या दिवशी शस्त्र उतरवून, पुसून, तेल देऊन ठेवण्याची रीत आपल्या पूर्वजांनी घातली, ती उगाच नव्हे. वर्षातून एकदा फूल आणि रोज फडके, यांतले रोजचे फडके अधिक मोठी पूजा आहे.

तेव्हा, दादा, नाव विचारलेत म्हणून नाव न सांगता एवढे लिहिले. जमीन राखा. मुलीला क्लबात जाऊ द्या, सरावाच्या गोळ्यांचा आणि प्रवासाचा खर्च तेवढा उचला. तोही थोडा नाही. उरलेला भार आपल्या सर्वांचा आहे. तालुक्यातील आमच्या कार्यकर्त्यांनी हे वाचून केंदूरची वाट धरावी, अशी आमची अपेक्षा आहे.